सोळा इंची पातं

दौलत हवालदारांना कुणी नुसतं विचारलं, की कुऱ्हाड केवढी घेऊ, तरी ते लगेच उत्तर देत नसत. आधी विचारणाऱ्याचे हात बघायचे. मग तो काय तोडणार आहे ते विचारायचे. जमलं तर ते झाडही जाऊन बघून यायचे. एवढं सगळं झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तर मिळायचं. तोवर बिचारा शेजाऱ्याची कुऱ्हाड मागून काम उरकून मोकळा झालेला असे. हवालदारांना त्याचं काही नसे. "इचारलं हुतं न्हवं? मग घ्या उत्तर," असं म्हणून ते त्याच्या दारात जाऊन ऐकवून यायचे. आणि ते उत्तर बरोबर असायचं, हे वैतागलेला माणूसही कबूल करायचा.

ज्या माणसाचं एकही उत्तर चुकलं नाही, त्याच्यावर शेवटी सगळ्या गावात खोटारडा ठरायची पाळी आली. ती कशी आली हे मी जवळून पाहिलं. त्यात माझा हात किती, ह्याचा हिशोब मी टाळत आलो आहे.

मी तासगावकडचा. आमच्याकडे झाड म्हणजे बांधावरची बाभळ, नाहीतर शाळेपुढचा लिंब. एकाहत्तरच्या सुमाराला आमच्या शिक्षणसंस्थेनं मला सांगली जिल्ह्यातून उचललं आणि साताऱ्यात, उंब्रजच्या पश्चिमेला डोंगराच्या पोटातल्या एका वाडीवर नेऊन टाकलं. हवालदारांच्या घराची पुढची खोली मला राहायला मिळाली. पहिल्याच आठवड्यात मी उंब्रजच्या बाजारातून एक दणकट कुऱ्हाड आणली आणि आंघोळीच्या पाण्यासाठी लाकडं फोडायला बसलो. हवालदारांनी ओट्यावरून माझे पाच-सहा घाव पाहिले. मग उठले आणि कुऱ्हाड माझ्या हातातून काढून घेतली.

"मास्तर, ही तुमी चालवत न्हाईसा. ही तुमास्नी चालवतीया."

आत जाऊन त्यांनी आखूड दांड्याची एक हलकी कुऱ्हाड आणून दिली. माझा अपमान झाला, पण लाकडं फुटली.

त्यांच्या शर्टाच्या खिशात कायम एक सुतळी असे. तिला ठरावीक अंतरावर गाठी मारलेल्या. तीन इंच आणि एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, की गाठ. पुन्हा तीन इंच एक सूत, की गाठ. बुंध्याला सुतळी गुंडाळायची आणि गाठी मोजायच्या. जितक्या गाठी, तितके इंच झाडाची जाडी. मी गणिताचा मास्तर. परीघ आणि व्यास फळ्यावर समजावताना माझा घसा कोरडा पडायचा, आणि ह्या चौथी शिकलेल्या माणसानं तो सगळा धडा खिशात घालून ठेवला होता. त्यांना तो पलटणीत कुणी तरी शिकवला होता. कुणी, ते मात्र कधी सांगितलं नाही. आपल्याला कुणी काही शिकवलंय हे कबूल करणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

उंच, काटक माणूस. निवृत्त होऊन सात-आठ वर्षं झाली तरी शर्ट खाकीच. उजवा कान गेलेला. इंजिनिअर पलटणीत असताना आसामपलीकडे नेफाच्या जंगलात रस्ता काढायच्या कामावर त्यांनी पाच वर्षं चेनसॉ, म्हणजे इंजिनावर चालणारी साखळीची करवत, चालवला होता आणि त्या आवाजानं कान गेला, असं ते सांगत. त्यांच्या बायकोचं, हिराकाकींचं म्हणणं वेगळं होतं. "नगं ती आयकायचं आसलं की जातोय त्यो कान. जेवाय वाढलंय म्हनलं की येतोय म्हागारी."

काकी अशाच. सुतळीवरूनही त्या नवऱ्याला सोडत नसत. "मला बघाया आलं तवा ही सुतळी न्हवती खिशात. न्हाई तर नापास करून गेलं आसतं, आन् मी सुटली आसती." हवालदार हे चांगल्या कानानं ऐकायचे आणि मिशीत हसायचे. त्यांना मूलबाळ नव्हतं. त्याबद्दल दोघं कधी बोलत नसत.

चेनसॉ हा शब्द वाडीत कुणाच्या तोंडात बसेना. सगळे नुसतं 'मशीन' म्हणत. पलटणीतल्या त्या मशीनची एक गोष्ट हवालदार पुन्हा पुन्हा सांगायचे. त्यांचा एक पंजाबी जोडीदार होता, ताकदीनं रेड्यासारखा. त्याला लांब पात्याचा भारी सोस. मनगटाएवढ्या फांद्या तोडायच्या असल्या तरी गोदामातून सगळ्यांत लांब पातं उचलायचा. एकदा फांदी तोडताना पात्याचं टोक पलीकडच्या दुसऱ्या फांदीला टेकलं आणि मशीन उलटं उसळलं.

"हितनं हितवर," असं म्हणून हवालदार खांद्यापासून बरगडीपर्यंत बोट फिरवायचे. "मशीन लाथ मारतंय, मास्तर, त्ये टोकानं मारतंय. टोक कुटं हाय ह्येचं भान पायजे. भान हाताएवढंच आस्तंय. पातं लांब घेतलं म्हंजी हात लांब हुत न्हाई."

ही गोष्ट ऐकून मी एकदा म्हणालो, की मग आखूड पातंच घ्यावं, म्हणजे भानगड नको. ते माझ्याकडे बघतच राहिले. वर्गातल्या ढ मुलाकडे मी जसा बघतो तसे.

"आखूडबी न्हाई आन् लांबबी न्हाई. रानात कसली झाडं हायती, त्यातली कुटली तोडायची हायती, त्ये आदी ठरवायचं. मंग पातं आपसूक ठरतंय."

कुठली तोडायची ते आधी ठरवायचं. हे वाक्य त्यांनी किती खरं करून दाखवलं, ते मला पुढं कळलं.

वाडीच्या वर, डोंगराच्या उतारावर त्यांच्या घराचं एक रान होतं. सगळे त्याला 'वरलं रान' म्हणत. आंबे, जांभळं, किंजळ, हिरडे, ऐन, आणि मधेमधे करवंदीच्या जाळ्या. हवालदारांच्या आजानं त्यातली काही लावलेली, काही आपोआप आलेली. त्याच्या पायथ्याशी एक झरा होता. वैशाखात वाडीच्या विहिरी तळ दाखवायच्या तेव्हा बाया घागरी घेऊन त्या झऱ्यावर जायच्या. हवालदार रोज सकाळी त्या रानात एक फेरी मारत. पलटणीत त्यांनी आयुष्यभर झाडं पाडली होती. किती पाडली असतील असं मी एकदा विचारलं. "गिनती न्हाई," म्हणाले. मग म्हणाले, "हितली तेवीस मोजल्याती. ही ऱ्हायाला पायजेत."

पण ते रान त्यांचं नव्हतं. नोकरीत असताना त्यांनी सगळी जमीन थोरल्या भावाच्या नावावर राहू दिली. माझं तुझं कशाला, असा तो काळ आणि असा तो स्वभाव. भाऊ वारला, आणि सातबाऱ्यावर भावाचा मुलगा संपत आला. संपत वाईट माणूस होता असं मी म्हणणार नाही. म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. मुंबईच्या गिरणीत सात वर्षं काढून तो परत आला होता, चुलत्याला तात्या म्हणायचा, चुलतीच्या हातची भाकरी खायचा. त्यानं उंब्रजच्या वाटेवर विटांची भट्टी घातली आणि भट्टीला लाकूड लागायला लागलं. तेवढंच.

"तात्या, मी मशीन आनतोय ममईस्नं. केवढं आनू? तुमी सांगचीला त्येच आनतो."

हवालदारांनी नेहमीप्रमाणे लगेच उत्तर दिलं नाही. ह्या वेळी त्यांनी आठ दिवस घेतले. रोज सुतळी घेऊन वरच्या रानात जायचे. मला वाटलं, त्यांचं नेहमीचं चाललंय.

मुंबईच्या दुकानातून छापील माहितीपत्रक आलं होतं, इंग्रजीत. ते वाचायला अर्थातच मास्तर. संपत भट्टीवर गेला असताना एका दुपारी हवालदारांनी मला ओट्यावर बसवून ते वाचायला लावलं. तीन मशीनं होती. बारा इंची पात्याचं, सोळा इंची पात्याचं आणि अठ्ठावीस इंची पात्याचं. मी एकेक वाक्य मराठीत सांगत गेलो. वजन किती, पेट्रोलात तेल किती मिसळायचं, साखळीचे दात कधी कानसायचे. ते मान डोलवत होते. सगळं माहीत होतं त्यांना. मग एक वाक्य आलं, की दोन्ही बाजूंनी कापल्यास पात्याच्या दुप्पट जाडीचा बुंधाही तोडता येतो.

हवालदारांनी माझ्या हातावर हात ठेवला.

"मास्तर, ही वळ संपतफुडं वाचायची न्हाई."

"का हो?"

मग त्यांनी खिशातून सुतळी काढली आणि एका गाठीवर अंगठा ठेवला.

"ती तेवीस झाडं मोजली. त्यातलं समद्यात बारीक म्हंजी झऱ्यावरचा ऐन. सतरा इंची. मशीन सोळा इंची येनार. संपतला सांगनार, पात्यापरास जाड बुंद्याला हात लावला तर साकळी आडकती आन् इंजन जळतंय. म्हंजी बारकं-सारकं, वाळलेलं, पडलेलं समदं भट्टीला जाईल. तेवीस ऱ्हातील."

"पण हे खोटं आहे, हवालदार."

"एक वळ वाचू नगा म्हनतोय. खोटं मी बोलनार हाय."

आयुष्यभर झाड बघून पातं निवडणाऱ्या माणसानं ह्या वेळी वाचवायच्या झाडांवरून पातं निवडलं होतं. मला ते फार आवडलं. हुशारीचं वाटलं. कायद्यानं त्यांच्या हातात काही नव्हतं, होता तो फक्त गावाचा विश्वास, की हवालदार सांगतो ते मशीनचं माप बरोबरच असतं. तो त्यांनी त्या तेवीस झाडांसाठी पणाला लावला. संध्याकाळी संपतपुढं मी सगळं माहितीपत्रक वाचलं आणि ती ओळ गाळली. वर्गात धडा वाचताना जमायचं नाही इतक्या सफाईनं गाळली.

सोळा इंची मशीन आलं. हवालदारांनी संपतला ते चालवायला शिकवलं. पाय कसे रोवायचे, टोकावर लक्ष कसं ठेवायचं, साखळी कशी कानसायची. दोन वर्षं सगळं ठरल्याप्रमाणे चाललं. जवळपासच्या वाड्यांतून माणसं मशीन मागायला यायची, आंब्याची मोडकी फांदी काढायला, वाळकी बाभळ पाडायला. "सोळा इंच म्हंजी सोळा इंच," असं हवालदार सगळ्यांना बजावायचे, आणि माणसं ते आपापल्या गावी जाऊन सांगायची. मी शेजारी बसून ऐकत असे. एखादी गोष्ट सारखी ऐकली की ती खरीच वाटायला लागते. मलाही वाटायला लागली होती.

मग वैशाखात एक वादळ झालं आणि वाडीच्या तोंडावरचा जुना आंबा रस्त्यावर आडवा झाला. सकाळची एस्टी पलीकडच्या बाजूला अडकली. अर्धा गाव जमला. योगायोगानं डोंगरापलीकडे जंगलतोडीच्या ठेक्यावर काम करणारा एक मिस्त्री त्याच गाडीत होता, त्याचं मशीन घेऊन. मशीन कसलं, पातं जवळजवळ गड्याच्या छातीला लागेल एवढं. लोकांना हायसं वाटलं. पण ते धूड काही सुरू होईना. पेट्रोलात पाणी गेलं होतं की काय कोण जाणे. मिस्त्री दोरी ओढून ओढून घामाघूम झाला.

कुणी तरी म्हणालं, "संपतचं मशीन आना की."

संपत घेऊन आला. मिस्त्रीनं ते पाहिलं आणि हसला. दमलेल्या, फजिती झालेल्या माणसाला हसायला काही तरी लागतंच.

"ह्ये काय खेळन्यातलं आनलंय? येवड्या रानाच्या मुलखात ह्ये घ्यायचा सल्ला कुनी दिला तुमास्नी?"

संपतनं मान खाली घातली. "आमचं तात्या. पलटनीत हुतं."

"पलटनीत भटारखान्यात आसतील."

लोक हसले. फार नाही, थोडेसे. ज्यांनी त्यांच्याकडून कुऱ्हाडी निवडून घेतल्या होत्या तेही हसले. त्या हसण्यात काही दुष्टावा नव्हता. सकाळपासून खोळंबलेली माणसं होती ती.

मी हवालदारांच्या शेजारी उभा होतो. त्यांच्या मानेवरची शीर उठलेली मला दिसली. त्यांनी खिशातून सुतळी काढली, बुंध्याच्या खालून घालून गुंडाळली आणि गाठी मोजल्या. अठ्ठावीस. मला कळलं ते काय करणार आहेत.

"हवालदार, नको," मी हळू म्हणालो.

मी त्यांच्या उजव्या बाजूला होतो, गेलेल्या कानाकडे. ते तसेच पुढं गेले. थांबायला काय हरकत होती? मिस्त्रीचं मशीन तासाभरात सुरू झालं असतं. नाहीतर चार गड्यांनी मोठी करवत ओढून दुपारपर्यंत ओंडका बाजूला केला असता. एस्टी उशिरा गेली असती, एवढंच. एस्टी काय, रोजच उशिरा जायची.

त्यांनी संपतच्या हातातून मशीन घेतलं. दोन लाकडी पाचरी कापून घेतल्या. मशीन एका झटक्यात सुरू केलं, तेही मिस्त्रीकडे बघत. अलीकडच्या बाजूनं अर्ध्यापर्यंत काप घेतला, फटीत पाचर ठोकली, ओंडक्याला वळसा घालून पलीकडे गेले आणि तिकडून दुसरा काप घेतला. मशीन ना अडकलं, ना जळलं. पाऊण तासात अठ्ठावीस इंची आंब्याचे तीन तुकडे झाले. लोकांनी ते ढकलून कडेला लावले. त्यांतल्या एकाच्या तोंडावरून हवालदारांनी अंगठा फिरवला आणि मिस्त्रीला बोलावलं.

"बगा. दोन काप कुटं मिळाल्यात सांगा. पायरी सापडती का?"

दोन्हीकडून घेतलेले काप सहसा तंतोतंत जुळत नाहीत. मधे बोटभर का होईना, पायरी राहते. मिस्त्रीनं हात फिरवला, पुन्हा फिरवला. पायरी नव्हती. त्यानं सगळ्यांदेखत हात जोडले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एस्टी निघाली. हवालदार छाती काढून उभे होते. इतके खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

टाळ्या वाजवल्या नाहीत त्या एकट्या संपतनं. तो त्या गुळगुळीत तोंडाकडे बघत होता. मग त्यानं चुलत्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि मग मान वर करून वरच्या रानाकडे. तेव्हा हवालदारांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं.

संध्याकाळी संपत घरी आला. ओरडला असता तर बरं. तो शांतपणे बोलला.

"तात्या, दोन वर्सं मला सोळा इंच सांगितलासा. ममईचं कोन असतं तर म्या समजलो असतो. तुमी मला फसिवलं?"

"झाडं ऱ्हावीत म्हनून, संपत. तुज्याच आज्यानं..."

"तसं सांगायचं हुतं की. पाया पडून सांगितलं असतं तरी आयकलं असतं. मला येडा ठरवून का वाचवायची झाडं?"

पाया पडून सांगितलं असतं तर संपतनं खरंच ऐकलं असतं का, मला माहीत नाही. कदाचित नसतं. पण हवालदारांनी तसं एकदाही मागून पाहिलं नव्हतं. विनंती करणं त्यांच्या स्वभावात नव्हतं, आणि फसवणं मात्र बसलं. मला त्यांचा राग आला होता हे मी लपवत नाही. माझाही आला होता. संपत जाता जाता माझ्याकडे वळला. "मास्तर, त्या कागदात ल्हेलं हुतं न्हवं ह्ये?" मी हो म्हणालो. त्याची मुलगी माझ्या वर्गात होती, ती दुसऱ्या दिवसापासून मागच्या बाकावर जाऊन बसली.

दिवाळीनंतर वरच्या रानात मशीन वाजायला लागलं. भट्टीला बारकं जळण लागत होतं. मोठ्या बुंध्यांना सांगलीच्या वखारीतून ट्रक यायला लागले.

वाडीत सगळ्यांनी संपतची बाजू घेतली. चुलत्यानं पुतण्याला असं फसवावं का, ही चर्चा महिनाभर चालली. त्यापेक्षा वाईट असं, की हवालदारांना कुणी काही विचारेना. कुऱ्हाड नाही, करवत नाही, विळ्याचा दांडासुद्धा नाही. कधी ते आपण होऊन सांगायला गेले तर माणसं ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "व्हय, पर खरं माप सांगा बरं का, हवालदार." थट्टाच ती. पण ते घरी येऊन जेवत नसत.

आणि मी अपेक्षा केली नव्हती ते त्यांनी केलं. ते रोज वरच्या रानात जायला लागले, संपतच्या बरोबर. पहिल्या दिवशी काकींनी त्यांना दारात अडवलं. "काय बगाया जाताय? मढं?"

"त्येला झाड पाडाया येत न्हाई," हवालदार म्हणाले. "पडल्यालं कापाया शिकिवलंय म्या त्येला. मोटं उबं पाडाया न्हाई. अंगावर घील. झाड जातंय त्ये जातंय, पोरगं जायाला नगं."

मी एका रविवारी जाऊन पाहिलं. संपत मशीन धरून उभा आणि चुलता दहा पावलांवर. झाडाचा तोल कुठं आहे, पहिली खाच कुठं, पडताना पळायचं कुठं, हे ते हातानं दाखवत होते. संपत त्यांच्याकडे न बघता ऐकत होता. दोघं एकमेकांशी कामापुरतं बोलत. झाड कलायला लागलं की हवालदार ओरडायचे, "सरक!" आणि पडलं की तिकडे पाठ करून पुढच्या झाडाला सुतळी गुंडाळायचे. संपतला काम झपाट्यानं येत गेलं. शिकवणारा चांगला होता. नेफात त्यांनी किती जणांना शिकवलं असेल देव जाणे, पण इतकं मन लावून कुणाला शिकवलं नसेल.

तेविसावा, झऱ्यावरचा ऐन, त्यांनी शेवटी ठेवला होता. संपतनं तो सोडला असता असं मला वाटतं. हात थांबवून त्यानं चुलत्याकडे पाहिलं होतं, हे मला तिथल्या एका गड्यानं सांगितलं. तेव्हा तरी विचारायचं. एक झाड राहू दे, एवढंच म्हणायचं. हवालदार म्हणाले, "बगतोस काय? सतरा इंची हाय. दोनी बाजूनं घे." आणि पडायची दिशा दाखवली.

संपतच्या अंगावर एक ओरखडाही आला नाही. पुढच्या वैशाखात झरा नेहमीपेक्षा लवकर आटला. बाया घागरी घेऊन खाली ओढ्यापर्यंत जायला लागल्या, आणि त्याबद्दल शिव्या मात्र संपतला नाही, हवालदारांना बसल्या. मशीन त्यांनीच निवडून दिलं होतं ना.

त्या वर्षीच माझी बदली परत सांगलीकडे झाली. निघायच्या दिवशी हवालदार मला सोडायला एस्टीच्या थांब्यावर आले. माझी ट्रंक त्यांनीच खांद्यावर घेतली होती. नको म्हटलं तर ऐकेनात. थांबा म्हणजे रस्त्याची कड. तिथं त्या आंब्याच्या तीन तुकड्यांपैकी एक अजून पडलेला होता. लोकांनी त्याचं बाकडं केलं होतं. मी बसलो. हवालदार बसले नाहीत. मी त्यांना त्यावर बसलेलं कधीच पाहिलं नव्हतं.

मग धुरळा उडवत गाडी वळणावर दिसली. मी उठलो. ते माझ्या डाव्या हाताला होते, आणि त्यांचा उजवा कान माझ्याकडे.

"मास्तर," ते समोर बघत म्हणाले, "त्या दिशी तुमी नगं म्हनला हुतासा."

मी खिशात तिकिटाचे पैसे चाचपायला लागलो.

"आयकलं हुतं म्या."

कंडक्टरनं ट्रंक वर टाकली. मी खिडकीपाशी जागा धरली. काकींना जपा, असं काही तरी म्हणालो. गाडी सुरू झाली. मी मागं वळून पाहिलं, तर हवालदार त्या ओंडक्यापाशी वाकले होते. त्याच्या कापलेल्या तोंडावरून ते अंगठा फिरवत होते, वरून खाली, मग खालून वर. ऊन-पावसानं लाकूड काळं पडलं होतं, तडे गेले होते. तरी ते शोधत होते, दोन काप जिथं मिळाले तिथं पायरी लागते का ते.

लागली नसणार. कारण त्यांनी मान हलवली, बरोबर उत्तर देणाऱ्या मुलाकडे बघून मी हलवतो तशी, आणि त्यांच्या मागं पूर्ण उघडा पडलेला डोंगर होता.